ओळीनंतरची जागा

४ सप्टेंबर, नॅशव्हिल
पहिलंच गाणं सकाळभर घोळवलं. वाया!

"ओरलीन, ओळ संपली की थांबतेस कशाला? पुढची लगेच धर ना!" — डेल, रेकॉर्डिंगवाला, काचेपलीकडून. पोरगा गोड आहे, पण कंट्री गाण्यांवर वाढलेला. आमच्या काळ्यांच्या ब्लूजमध्ये बाईनं ओळ म्हणायची आणि गिटारनं तिला उत्तर द्यायचं. माझ्या ओळीला उत्तर लूशस द्यायचा. नवराही तोच, गिटारवालाही तोच. त्याची जागा सोडायची सवय जिभेलाच लागलीय.

एप्रिलमध्ये त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघतो. आत तो आहे की नाही, एवढंच मला कळायला हवंय. डॉक्टर खांदे उडवतात.

मला रडू येत नाही. तसं काहीच येत नाही.

५ सप्टेंबर
इथं गातेय ती ही कंट्री गाणी त्याच्या आवडीची. शनिवारी रेडिओला कान लावून बसायचा. "एकदा ही गाऊ या गं!" मी म्हणायची, "गोऱ्यांची रडगाणी! चर्चमधल्या बायका वाळीत टाकतील मला." तो हसायचा. पण तालाच्या बाबतीत हसणं नाही! कुणी केसभर मागे राहिला की वाजवता वाजवता ओरडायचा — "उशीर!" स्टेज असो, चर्च असो. एक ड्रमवाला त्या धाकानं पळून मेम्फिसला गेला.

आज दोन गाणी झाली. डेल म्हणाला, सुंदर. असेल.

६ सप्टेंबर
रविवार. चर्चला गेले नाही. पडून राहिले.

७ सप्टेंबर
घरी फोन. नणंद नेटी त्याच्यापाशी आहे. "दोन घास खाल्ले, वहिनी. मक्याची भाकरी थुंकली. माझ्या हातची आहे ना!" मी हसायला हवं होतं.

८ सप्टेंबर
त्या जागा काही बुजेनात. डेल म्हणाला, "रिकाम्या राहिल्या तर लोकांना वाटेल टेप बिघडलीय." म्हटलं, भर बाबा कशानंही.

त्यानं हॉइटला बोलावलं. म्हातारा गोरा, स्टील गिटारवाला. बसण्याआधी विचारतो कसा — "ताई, ही जागा कुणाची?"

"नवऱ्याची."

"मग पाय पुसून आत येतो."

फार छान वाजवलं त्यानं. डेलनं डोळे पुसले. मी गावाकडच्या सवयीनं कोलाच्या बाटलीत खारे शेंगदाणे टाकून खात बसले होते.

११ सप्टेंबर, ग्रीनवुड
घरी. जेवणं झाल्यावर लूशसला टेप लावून दिली. तो खिडकीकडेच. माझी पहिली ओळ संपली, हॉइटची गिटार आली. लूशसच्या कपाळाला आठी पडली. दुसरी ओळ. पुन्हा गिटार. ओठ हलले.

"उशीर!"

स्पष्ट. नेटीच्या हातून ताटली पडली. एप्रिलपासूनचा पहिला शब्द — आणि तोही टोमणा!

हॉइट अगदी वेळेवर आला होता. पण मी लूशसच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं, म्हटलं, "हो रे, ही गाणी गायला मला फार उशीर झाला," आणि ढसाढसा रडले.