नोरीनच्या आईची धून

मी, रिबेका ऑगस्टिन तुस्कानो, वय एकोणतीस, मूळची वसईची, सध्या राहणार ग्लेन वेव्हर्ली, मेलबर्न, व्यवसाय नर्सिंग आणि आयरिश बासरीचे वादन व शिकवणी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, धडधाकट असताना आणि आज अतिशय आनंदात लिहीत आहे. सोमवारपासून मी स्वतःहून मागणी करून कोविड वॉर्डात जाणार आहे, म्हणून हे लिहिणे आले. इंग्रजी प्रत वकिलाकडे आहे. ही मराठी प्रत मम्मीला वाचता यावी म्हणून.

१. माझी सर्व शिल्लक मम्मी-पप्पांना मिळावी. घरातली पहिली पदवी त्यांनी केळी विकून मला मिळवून दिली. पप्पांनी त्यातून आधी आपले क्लॅरिनेट दुरुस्त करावे. छप्पर गळते ही सबब चालणार नाही.

२. पप्पांच्या बँडचे मास्तर बेन्सन अंकल यांना माझा सेंट पॅट्रिक्स डे या आयरिश सणाचा फोटो फ्रेमसह द्यावा. चौदाव्या वर्षी मी बँडमध्ये घ्या म्हणून गेले, तेव्हा त्यांनी विचारले होते की मुलीने वरातीपुढे फुंकत चालायचे का. फोटोत मी शहराच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे वाजवत चालले आहे. राग नाही. फोटो दिवाणखान्यात लावावा, एवढेच.

३. माझी काळ्या लाकडाची बासरी विनीता जोगळेकरला. ती आयटीत आहे, रस्त्यापलीकडच्या युनिटमध्ये राहते आणि माझ्याकडे शिकते. बासरीला महिन्यातून एकदा बदामाचे तेल लावावे, हीटरजवळ ठेवू नये. ती मला नोरीनने दिली. नोरीन माझी गुरू, आयर्लंडची, वय चौऱ्याऐंशी. तिच्या स्वयंपाकघरात मी सहा वर्षे शिकले. ती एक ओळ वाजवायची, मी ऐकून तशीच वाजवायची. वही काढली की चहा बंद.

४. नोरीनच्या आईची एक धून आहे. ती कागदावर नाही, नोरीनच्या मते माणसानेच माणसाला द्यायची. नोरीनला आता दम पुरत नाही आणि ती राहते त्या वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये कोणालाच भेटू देत नाहीत. म्हणजे ती धून फक्त माझ्या फुफ्फुसांवर राहिली होती आणि मी कोविड वॉर्डात चालले होते. म्हणून जूनपासून ती ऑनलाइन क्लासमध्ये अकरा जणांना शिकवली.

गेल्या शनिवारी एकेकाला वाजवायला लावले. सगळे नेमके त्याच चार जागी गप्प. मला वाटले श्वास घेत आहेत. मी टोकले तेव्हा विनीता वैतागली, "अगं, तूच थांबतेस तिथे. मी तर मोजून थांबते."

तपासले तेव्हा कळले, कॉम्प्युटर माझे लांबलचक सूर पंख्याची घरघर समजून गाळत होता. अकरा जणांनी माझ्यावर विश्वास ठेवून ती शांतताही पाठ केली होती. मी त्या रात्री रडले आणि या कलमात लिहून ठेवले की माझ्या फोनमधले रेकॉर्डिंग विनीताला द्यावे. त्यात श्वास कुठे घ्यायचा ते ऐकू येत नाही, पण दुसरे काय देणार?

आज दुपारी मात्र विनीता तिच्या बाल्कनीत उभी राहिली, मी माझ्या. मध्ये रस्ता. एक ओळ मी, एक ओळ ती, असे दोन तास. शेवटी तिने पूर्ण धून एकटीने वाजवली. मी फोन तिच्या दिशेने धरला होता, नर्सिंग होममधून नोरीन ऐकत होती.

 नोरीन म्हणाली, "तिसऱ्या ओळीत घाई करते ती. माझी आई पण करायची. तुला कधी जमली नाही."

मी विनीताला ती घाई शिकवलेली नाही. मला येतच नाही.

सबब, सदर धून आता माझ्या एकटीच्या मालकीची नसल्याने ती मृत्युपत्राने देण्याचा मला अधिकार उरलेला नाही. रेकॉर्डिंगबाबतची तरतूद मी आनंदाने रद्द करत आहे.

वरील मजकूर मी स्वहस्ते लिहिला आहे. साक्षीदारांना यातून काहीही मिळणार नाही. दोघांनी मास्क लावून, दारातून मला सही करताना पाहिले.

सही: रिबेका ऑ. तुस्कानो

साक्षीदार: सुमेधा काणे, नरेंद्र साळवी

ग्लेन वेव्हर्ली, शनिवार, १५ ऑगस्ट २०२०