गेटवरची मराठी यादी

चिखलोली, अंबरनाथ
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय शालन,

सप्रेम नमस्कार. तू आणि घरची मंडळी खुशाल असाल. चौतीस वर्षांनी माझं अक्षर ओळखलंस, की पाकिटामागचं नाव वाचावं लागलं? पत्ता जितेशने दिला. आपल्या क्लासच्या पहिल्या बॅचमधला, उल्हासनगरचा, की-बोर्डला टाइपरायटर म्हणायचा तो. आता जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तुझं नाव काढलं तर म्हणाला, "शालन मॅडम? वो तो विठ्ठलवाडीलाच आहेत. मुलीचा लॅपटॉप माझ्याकडेच आणतात." म्हणजे इतकी वर्षं तू दोन स्टेशनांवर होतीस.

माझं म्हणशील तर दोन वर्षांपूर्वी कंपनीतून निवृत्त झाले आणि एक खूळ लावून घेतलं. पॉडकास्ट करते. जुन्या कॉम्प्युटरांच्या गोष्टी सांगते, लोक मोबाइलवर ऐकतात. बाहेर लिफ्टचा आवाज येतो म्हणून कपड्यांच्या कपाटात डोकं घालून रेकॉर्डिंग करते. आमचे यजमान हेमचंद्र विचारतात, "झाल्या का साड्यांशी गप्पा?"

ऐकणारे तीनशे-साडेतीनशे असतील. त्यांना सगळ्यात आवडतो तो अंबरनाथ पूर्वेचा आपला क्लास. दवाखान्यावरची ती खोली, दाराशी चपलांचा ढीग, दोन मशिनं आणि बारा मुलं. हार्ड डिस्क नव्हतीच. एका फ्लॉपीने मशीन सुरू करायचं, मग ती काढून दुसरी घालायची. लाइट गेली की सगळ्यांचं एकदम "आई गं!" आणि तू फळ्याकडे बोट दाखवायचीस, तिथे लिहिलेलंच असायचं: दर पाच मिनिटांनी सेव्ह करा. जितेशने तसलंच एक मशीन चालू करून दिलंय. फ्लॉपीची ती करकर मी माइकवर घेतली, तर बदलापूरच्या एका बाईंनी कळवलं की त्यांना ऐकताना रडू आलं.

हे सगळं लिहीत बसलेय, कारण जे लिहायचंय ते पुढे ढकलतेय.

मागच्या महिन्यात मिलिंद नावाच्या श्रोत्याचा मेल आला. त्याचे वडील आमच्याच कारखान्यात होते. "मॅडम, तुम्ही शिफ्टची यादी मराठीत काढलीत, तेव्हा वडिलांनी गेटवरच्या फलकासमोर उभं राहून पहिल्यांदा स्वतःचं नाव स्वतः वाचलं. त्याआधी रोज कुणाला तरी विचारायचे. तुमचे फार उपकार आहेत."

मी दोनदा "धन्यवाद" लिहिलं. दोनदा खोडलं.

ती यादी तुझी होती, शालन. तुझ्या बाबांना, धोंडिबाकाकांना, कुणीतरी इंग्रजी यादी चुकीची वाचून दाखवली, ते भलत्याच शिफ्टला गेले आणि गेटवरून परत आले, त्या आठवड्यात तू कामाला लागलीस. ग्राफ पेपरवर एकेक ठिपका भरत प्रिंटरसाठी अक्षरं घडवलीस. आठ महिने. कारखान्याचे साहेब बघायला आले त्या दिवशी काका आजारी, तू हॉस्पिटलात. फ्लॉपी मी घातली. प्रिंटरमधून नावं बाहेर यायला लागली. साहेब म्हणाले, "वा! हे तुम्ही केलंत?"

मी "हो" म्हणाले. "आम्ही केलं" एवढंही नाही म्हणाले.

महिन्याभरात मला तिथे नोकरी लागली. तू क्लासच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्यास, "अभिनंदन" म्हणालीस आणि गेलीस. मी मनाची समजूत घातली की तुला माझी नोकरी खुपली. कंपनीत, घरात, लग्नानंतर हेमचंद्रांनाही हेच सांगत आले की यादी माझी.

आता खरं काय ते रेकॉर्ड केलंय. बावीस मिनिटं. हेमचंद्रांना ऐकवलं. दोन दिवसांनी म्हणाले, "आधी तिला पाठव." सोबत पेन ड्राइव्ह आहे. तू म्हणशील तर लोकांना ऐकवीन, म्हणशील तर पुसून टाकीन. क्षमा हा शब्द या सगळ्यापुढे तोकडा आहे. तरी मागते.

तुझी (असं लिहायचा हक्क उरलाय का, ठाऊक नाही)
कुंदा


विठ्ठलवाडी
२० फेब्रुवारी २०२५

कुंदा,

सप्रेम जयभीम. अक्षर बघताक्षणी ओळखलं. म्हणूनच पाकीट चार दिवस उघडलं नाही.

रेकॉर्डिंग मी आणि माझ्या मुलीने, वैष्णवीने, मिळून ऐकलं. मी शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवलं, एवढंच तिला माहीत. ती म्हणाली, "आई, तू प्रोग्राम लिहायचीस?" तुझ्या बावीस मिनिटांत डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगते. त्या दिवशी मी हॉस्पिटलातून धावत आले होते. दाराबाहेर उभी होते. साहेबांचा प्रश्न ऐकला, तुझं "हो"ही ऐकलं. आत येऊन बोलता आलं असतं. मी जिना उतरून गेले. तुझ्यावरचा राग दहा-बारा वर्षांत निवला. स्वतःवरचा अजून नाही.

बाबा बरे होऊन कामावर गेले. पहिल्या दिवशी घरी आले ते हसतच. "शाले, तुझं अक्षर लागलंय गं गेटवर!" ते कुणाच्या नावाने लागलं होतं, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते गेले त्याला सोळा वर्षं झाली.

माफ केलं, असं लिहिणार नाही. ते एका पत्रात होत नाही.

तुझा हा भाग लोकांना ऐकवू नकोस. त्यात तू आहेस, तुझा पश्चात्ताप आहे. यादी कुठे आहे? शिवाय चूक आहे. मी पहिलं अक्षर 'क' घडवलं म्हणतेस. नाही. पहिलं 'धों' घडवलं. त्याचा अनुस्वार मात्रेत मिसळून जायचा. तो सुटा दिसावा म्हणून प्रत्येक ओळ किंचित सरकवून दोनदा छापायची युक्ती काढली, त्यात दोन महिने गेले. हे मला सांगायचंय, माझ्या तोंडाने. मिलिंदलाही मीच उत्तर लिहीन.

रविवारी सकाळी वैष्णवीला घेऊन येते. तू प्रश्न विचार, उत्तरं मी देईन. आणि सुरुवातीलाच माझं नाव सांग. पूर्ण सांग.

शालन धोंडिबा भालेराव