केलॉइड कुठे होतो, हे मला विचारा

३ जानेवारी
आमच्या स्किन क्लिनिकमध्ये काउन्सेलरची जागा निघणार. डॉक्टरबाई म्हणाल्या, जूनमध्ये ठरवू. ठरवायचं काय त्यात? घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. नवी रिसेप्शनिस्ट बारावी पास. तिचा मला अजिबात हेवा वाटत नाही.

९ जानेवारी
संकल्प : रोज एक विषय. आज केलॉइड, म्हणजे जखमेची हद्द ओलांडून वाढणारा व्रण. डोक्या-मानेवरच्या जागा तोंडपाठ : कानाची पाळी, कानाची वरची कड, जबड्याची रेघ, मान, मानेमागे केस संपतात तिथे. पापणीवर जवळजवळ नाहीच. नवीला मुद्दाम विचारलं. म्हणाली, टोचतात तिथे आणि न्हावी वस्तरा लावतो तिथे, ताई. बरोबर आहे, पण हे काय उत्तर झालं?

२ फेब्रुवारी
वेटिंग रूममध्ये केलॉइडच्या जागांचा माझा तक्ता लागला. समाजासाठी काही केल्याचं समाधान. जागा पुरेना म्हणून 'कानाची' गाळलं.

३ फेब्रुवारी
एका मावशींनी तक्ता वाचून मोठ्याने विचारलं, पाळीत केलॉइड होतो तर सुनेला कुठल्या डॉक्टरकडे नेऊ? सगळी बाकं हसली. नवीने नुसती स्वतःच्या कानाची पाळी धरून दाखवली. मावशी म्हणाल्या, गुणाची गं बाई! लोकांना संदर्भ म्हणून काही कळत नाही.

१७ फेब्रुवारी, दुपार
नवीच्या कानाच्या वरच्या कडेला बारीक खडा आहे. पेशंट तिथेच बघतात. म्हणजे गुण तिचा नाही, खड्याचा.

१८ फेब्रुवारी
टोचून घेतलं. वरची कड. आई म्हणाली, तूच ना गल्लीभर नको नको सांगत फिरतेस? म्हटलं, धोका अडाण्यांना. माझा अभ्यास झालाय. आईने विचारलं, कानाला ठाऊक आहे का ते?

३० मार्च
पेशंट अजून तिच्याकडेच जातात. खडा लहान पडला असावा.

११ मे
टोचल्या जागी गाठ. खाजते. सूज असणार. केस मोकळे सोडते. नवी म्हणाली, ताई, केस छान दिसतात. जळते मेली.

२४ जून
गाठ हरभऱ्याएवढी. काउन्सेलर झाली ती नवीच. गाठीत इंजेक्शन घेण्याआधी प्रत्येक पेशंटने काउन्सेलरशी बोलायचं, असा नियमही झाला. तिच्या केबिनमध्ये पहिली पेशंट गेली ती मी. तिने केस हलकेच बाजूला केले, गाठ पाहिली, घाबरू नका म्हणाली आणि पाच मिनिटांत सगळं समजावलं.

सगळं कळलं. राग त्याचाच आला.