डावी बाजू, लाल खूण

५ मे, सोमवार

अंगातले कपडे काढायला लावले, गारठ्यात फळीवर झोपवलं, आणि माझ्या नातीच्या वयाच्या पोरीने डाव्या छातीवर निळ्या पेनाने रेघा मारल्या. नाव सांगितलं ते त्यानंतर. ती दवाखान्यातली कायला. मी आर्डिस. झाली ओळख.

फेब्रुवारीत कॅन्सरची गाठ काढली. आता रेडिएशनचे वीस शेक, शनिवार-रविवार सुट्टी. कायलाने आजी, आजी करत कागद वाचून दाखवला. कोमट पाण्याने धुवा, घासू नका, टिपून घ्या. आम्ही देतो तेच बिनवासाचं क्रीम लावा. तारेची ब्रा नको, ऊन नको, बर्फ नको, चिकटपट्टी नको, रेघा पुसू नका. मी म्हटलं, श्वास घेतला तर चालेल का. म्हणाली, घ्या आजी, पण हलू नका.

एक गोष्ट तिने दोनदा सांगितली. कातडी फाटली तर शेक थांबवावे लागतात. आणि मध्येच थांबणं वाईट. गाठीचा काही चुरा मागे राहिला असेल तर त्याला तेवढी मोकळीक मिळते.

माझी नणंद बर्नाडीन गेल्या वर्षी बाराव्या शेकालाच थांबली. तिची कातडी म्हणजे भिजलेला ब्रेड. मी वीसच्या वीस करणार. सलग.

६ मे

त्यांचं क्रीम उघडून पाहिलं. ताकासारखं पातळ. फडताळात ठेवलं.

साठ वर्षं गाईंच्या कासेला मलम लावतेय. लाल डब्यातलं, पिवळं, घट्ट. विस्कॉन्सिनच्या थंडीत माझ्या एका गाईचं सड कधी फुटलं नाही. कातडी ती कातडी. डब्यावर गाईचं चित्र आहे, पण माणसाने लावू नये असं कुठे लिहिलेलं नाही. लिहिलंच असेल तर बारीक अक्षरात. मी आठवीत शाळा सोडली, बारीक अक्षरं नववीत असतात.

निघायच्या आधी दोन बोटं भरून लावलं. कायला नाकाने हुंगत फिरत राहिली. गोठ्याचा वास कुठून येतोय म्हणाली. मी म्हटलं, बाहेर माझा नवरा बसलाय. तिला पटलं. ओर्विलला पाहून कुणालाही पटेल. तरी तिने सगळं पुसून काढलं. सवय असेल.

९ मे, शुक्रवार

आज पाचवा. कातडी नव्या नवरीची. सकाळी ब्रशने चोळून आंघोळ केली. घासू नका हे ज्यांना घासता येत नाही त्यांच्यासाठी.

रेघा गेल्या. मी घाबरले नाही. गाईंच्या पायावर खुणा करायचा खडू आणला. लालच सापडला. लाल म्हणजे गाईला औषध चालू आहे, दूध टाकीत घालू नका. म्हणजे अर्थसुद्धा बरोबर बसला. आरशात बघून पहिल्यापेक्षा सरळ रेघा मारल्या.

कायलाने दुसरीला हाक मारली, दुसरीने डॉक्टरला. रेघा दोन बोटं चुकल्या म्हणे. मोहरीएवढे तीन ठिपके त्यांनी आधीच गोंदून ठेवलेत, त्यावरून जुळवलं. मग आधीच गोंदायचं ना सगळं. डॉक्टरने विचारलं, हे कुणी केलं. मी म्हटलं, आपोआप आलं. तो भिंतीकडे तोंड करून बराच वेळ खोकत राहिला. त्याला सर्दी झालीय. दुसऱ्यांना काय बरं करणार.

१२ मे

काल चर्चला तारेची ब्रा घातली. देवाच्या दारात सैल जाणं माझ्याने होणार नाही. तासाभराचा प्रश्न. मग वर हॉलमध्ये जेवण होतं. मग पोल्का नाच होता.

आज कातडी थोडी गुलाबी दिसते. रक्त खेळतंय.

१९ मे, सोमवार

खाज. बर्फ नको म्हणालेत, म्हणून गोठवलेल्या मक्याची पिशवी लावून बसले. मका म्हणजे बर्फ नव्हे. नंतर तोच मका लोणी घालून ओर्विलला वाढला. छान झालाय म्हणाला.

बर्नाडीनचा फोन. उद्या तुझा बारावा ना, म्हणाली, जपून हो. मी म्हटलं, बारावा तुझा होता, माझा नुसता मंगळवार आहे.

२३ मे, शुक्रवार. घाईत.

डावी बाजू लाल. खालच्या घडीत सूज, हात लावू देत नाही. मलम दोनदा. वासरांची गुलाबी पट्टी घट्ट गुंडाळली. ती स्वतःलाच चिकटते, कातडीला नाही, म्हणजे नियमात बसते. सोमवारी सरकारी सुट्टी. मंगळवारपर्यंत साफ बरी.

२६ मे

आज सुट्टी, आणि सकाळी सातला गुरांचा डॉक्टर दारात. ओर्विलने बोलावलेला. दोघांनी मिळून अठ्ठेचाळीस गाईंची एकेक कास दाबून पाहिली. मी खिडकीतून बघत होते. म्हटलं, पुरुषांना सुट्टीत काहीतरी उद्योग लागतो.

मग डॉक्टर अंगणात येऊन म्हणाला, ओर्विल, डावीकडून सुजलेली, गुलाबी पट्टी बांधलेली एकही गाय तुझ्याकडे नाही. ओर्विल म्हणाला, अरे पण वहीत लिहिलंय, आर्डिसच्या अक्षरात.

मी हे गाईंच्या नोंदवहीत मागच्या बाजूने लिहिते. कागद वाया का घालवा. तो पान उलटेल हे कुणाला माहीत. बावन्न वर्षांत त्याने कधी काही उलटून पाहिलं नव्हतं.

दोघांनी वहीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. डॉक्टरने टोपी काढली आणि म्हणाला, आर्डिसबाई, हे माझ्या खात्यात येत नाही. फी न घेता गेला.

ओर्विल म्हणाला, दाखव. मी म्हटलं, लग्नाच्या दिवशीसुद्धा इतकी घाई नव्हती तुला. हसला नाही.

२७ मे, मंगळवार

पट्टी कातडीला चिकटली होती. कायलाने अर्धा तास कोमट पाण्याने भिजवत सोडवली. एकदाही आजी म्हणाली नाही. घडीत फाटलंय. ओलं आहे. ओर्विलने वही बरोबर आणली होती. मलम, ब्रश, मका, सगळं वाचून दाखवलं. माणूस इतका मोठ्याने वाचतो हे मला ठाऊक नव्हतं.

शेक थांबवले. पंधरा झाले, पाच राहिले. मी डॉक्टरला म्हटलं, बर्नाडीनपेक्षा तीन जास्तच झाले. या वेळी तो खोकला नाही. मी विचारलं, तो चुरा आता एवढ्यात काय करेल. म्हणाला, थोडे दिवस थांबलेलं चालतं, भरून काढता येतं. थोडे म्हणजे किती, ते जखम बघून सांगू.

१ जून, रविवार

चर्चला गेले नाही. बर्नाडीनने तिच्या जुन्या सुती बंड्या पाठवल्या, चिठ्ठीशिवाय. चिठ्ठी असती तर परत केल्या असत्या. घातल्या. मऊ आहेत.

ओर्विल रोज सकाळी कोमट पाण्याने धुतो, टिपतो, त्यांची न चिकटणारी पट्टी लावतो. ताकासारखं क्रीम कडेकडेने. घासत नाही. हात हलका आहे त्याचा. त्याला सांगितलेलं नाही.

शुक्रवारी कायलाने जखमेचा फोटो घेतला. उद्या सकाळी आठला दवाखान्याचा फोन येईल. पुढे चालू, की अजून थांबा.

ओर्विल, तू हे वाचणारच आहेस. फोन तू उचलायचा. मी गोठ्यात असेन. चालू म्हणोत की थांबा म्हणोत, आत येऊन माझ्याजवळ सांग. दारातून ओरडू नकोस, गाई बिचकतात.