माझे न दुखणारे गुडघे

कोटागिरी, डिसेंबर १९९८

चि. लतिकास,

मी सुखरूप पोचले. थंडी नाशिकपेक्षा बरीच जास्त आहे, पण तुझा स्वेटर पुरतो. अथर्व तुझ्याकडे नीट जेवतो ना? खोकला थांबला का त्याचा?

हे गेल्यावर ह्यांच्या पुण्याच्या मित्रांनी यंदा त्यांच्या दरवर्षीच्या पक्षी बघायच्या सहलीला मुद्दाम मला बोलावलं. सगळे आपुलकीने वागतात. आज पहाटे पक्षी बघायला डोंगर चढायचा होता. निघताना गद्रेवहिनींनी माझा हात धरला.

"चढवेल ना? गुडघे बरे आहेत का आता?"

"माझे गुडघे?"

"चिंतामणभाऊजी सांगायचे ना, हिला दोन पायऱ्या चढवत नाहीत म्हणून. आम्ही सगळ्या बायका दरवर्षी इथे बसून तुमच्या चकल्या खायचो आणि म्हणायचो, बिचारी!"

लतिका, माझे गुडघे कधीच दुखले नाहीत. घरी मात्र ते मला सांगायचे, जंगलात जळवा असतात, कोणाच्याच बायका येत नाहीत. मी डबा भरून द्यायची.

"बरे आहेत आता," एवढंच म्हणाले आणि चढले. ज्या काळ्या-केशरी पक्ष्याचं ते घरी येऊन वर्णन करायचे, तो दिसला. तिथे सगळे ह्यांच्यासाठी दोन मिनिटं उभे राहिले. सगळ्यांचे डोळे भरले, माझे कोरडेच राहिले.

ह्यांच्याशी तू मोकळेपणी बोलायचीस. मला सोबत न्यायला त्यांना कसली अडचण होती, तुला कधी म्हणाले होते का? माहीत असेल तर कळव. पण मला बरं वाटावं म्हणून काही बनवून सांगू नकोस.

तुझी,
ताई