तिन्ही रविवार डोंगरात

मनामा, बहारीन
९ मार्च १९८४, शुक्रवार

प्रिय फर्डिनंड,

नमस्कार. मी मजेत आहे. तुझी आई, सांडोरची वाडी आणि शाळेतली तुझी माकडं, सगळी खुशाल असतील. आज सुट्टी आहे. हॉस्पिटलात तापाचा आलेख काढतात त्या कागदावर मी कामणदुर्ग काढलाय. ताप भलताच चढलेला दिसतो!

इथं डोंगर नाही रे. दोन वर्षांत पायांना चढ म्हणजे फक्त वॉर्डाचा जिना. एप्रिलअखेर करार संपला की मी घरी. मेचा बेत ठरवून टाकलाय, त्यात बदल नाही. पहिल्या रविवारी तुंगारेश्वर, पाय मोकळे करायला. दुसऱ्या रविवारी कामणदुर्ग. तिसऱ्या रविवारी पुन्हा टकमक. पहाटेच निघायचं, संध्याकाळची मिस्सा माणिकपूरच्या चर्चमध्ये गाठायची. सांडोरला नाही, आमच्या पाचूबंदरलाही नाही. का ते पुढे सांगते.

सुकेळी तू आण, आगाशीच्या मावशीनं वाळवलेली केळी. भाजलेले बोंबील मी आणणार नाही. मागच्या वेळी वासानं गावातली कुत्री वरपर्यंत सोबतीला आली होती.

आईला बेत कळवला. तिनं पीटरकडून, माझ्या धाकट्या भावाकडून, उत्तर लिहवून घेतलं, "डोंगरावर काय मासली मिलते? पानी तरी हाय का?" बाई जन्मभर समुद्राकडे तोंड करून बसलीय, तिला काय सांगणार!

आता तुझ्या पत्राबद्दल. तीन पानं वाटांची, पाण्याच्या टाक्यांची, करवंदांची. आणि अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, "घरचे माझ्यासाठी मुलगी बघतायत. तू तिकडे अजून राहणार का?" फर्डी, वर्गात फळ्यावर एवढं बारीक लिहितोस का?

मेट्रन आणखी दोन वर्षांसाठी सही मागतेय. ईस्टरपर्यंत उत्तर हवंय तिला. मी अजून हो म्हटलेलं नाही.

टकमकच्या कड्यावर तू मला हात दिला होतास. सपाटीवर आल्यावरही तो सोडायला विसरलास. मीही आठवण करून दिली नाही.

माझ्या मैत्रिणीचं, फ्लॉसीचं लग्न ठरलं तेव्हाचं आठवतं? लग्नाला कुणाची हरकत आहे का म्हणून तीन रविवार मिस्सात त्या दोघांची नावं पुकारली, आणि तिच्या आईनं तिन्ही रविवार तिला चर्चच्या वाटेला फिरकू दिलं नाही. नवरीनं आपलं नाव आपल्या कानांनी ऐकू नये म्हणे. आमच्याकडेही हेच, तुमच्याकडेही हेच. नावं दोन्ही गावांत पुकारतात, म्हणजे दोघांनाही दोन्ही चर्चपासून लांब राहायला हवं. घरात कोंडून घेणं मला जमायचं नाही. डोंगरात जमेल. माणिकपूरला आपली नावं नसतील.

आता कळलं, रविवारच का ते?

तुझ्या घरचे म्हणतील, कोळ्याची मुलगी. आमचे म्हणतील, वाडीवाला, होडीत बसला तर उलटी करील. दोघंही काही खोटं बोलत नाहीत. बोलून बोलून तिसऱ्या रविवारपर्यंत थकतील. बाबांच्या कानावर मी घातलंय. त्यांनी एवढंच विचारलं, "मास्तरला पोहता येतं का?" येत नाही, हे तूच सांग त्यांना. पण आधी त्यांच्याकडे जा, मग नावं द्यायला फादरांकडे. हे दोन चढ तुला एकट्यानंच चढायचे आहेत. मी इथून हात देऊ शकत नाही.

इतकं धीटपणे लिहिलं, पण शाई कुठं पसरलीय ते बघ. मला तू हवा आहेस, फर्डी. डोंगर तर मी एकटीही चढेन, पण मला एकटीनं चढायचे नाहीत.

नको असेल तर ईस्टरआधी तार कर, मी मेट्रनच्या कागदावर सही करीन. हवं असेल तर तारेत फक्त 'सुकेळी' लिही.

तिन्ही रविवार आपल्या नावापासून लांब आणि तुझ्याजवळ राहायला तयार असलेली,
बेला