सलोमीची गव्हाणी

पनवेल, २६ डिसेंबर

प्रिय आई,
प्रभूमध्ये सलाम. आम्ही खुशाल आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

यंदा चर्चच्या मंडळीने उरणच्या किनाऱ्यावर नाताळ केला. धाकट्या जाऊबाईंनी, सलोमीने, शिंपल्यांची नि सुरूच्या फांद्यांची गव्हाणी केली. "हिच्या हातात कला आहे," असं आमचे हेसुद्धा म्हणाले. माझ्या करंज्या मात्र सगळ्यांनी मुकाट संपवल्या.

भरतीचं पाणी गव्हाणीकडे येताना मला एकटीलाच दिसलं, आणि मी गप्प बसले. पाणी टेकलं तेव्हा राहवेना. धावत जाऊन बाळ येशू तेवढा उचलला. बाकी सगळं वाहून गेलं. सलोमी गळ्यात पडली, "ताई, तुम्ही होतात म्हणून!"

जानेवारीच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये तिच्या शेजारी बसून प्रभुभोजन घ्यायचं आहे; मनात हे किल्मिष ठेवून ते कसं घेऊ? त्याआधी तिला खरं सांगू का? फोन नको, हे स्पीकरवर लावतात. लिहूनच कळव.

तुझ्या प्रार्थनेची गरज असलेली,
करुणा